तेरावी डबी

माझ्या खुर्चीवर बसणारी बाई पहिलं वाक्य बहुतेक वेळा खोटं बोलते. "ताई, मी तोंडाला काहीच लावत न्हाई." हे ते वाक्य. वडीगोद्रीला हायवेवर एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला रसवंती आणि मधल्या गाळ्यात माझं ब्यूटी पार्लर. बावीस वर्षं झाली. हे वाक्य ऐकलं की मी ट्यूबलाइट बंद करते आणि बाईला दारापाशी उजेडात उभी करते. ट्यूबलाइट गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते. ऊन कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

दिवाळीच्या अंकासाठी लिहा म्हणाले, तेव्हा त्यांना माझ्याकडून उटण्याच्या कृती हव्या असणार. कृती माझ्याकडे आहेत, त्या देणार नाही. चार वर्षं एक गोष्ट माझ्या घशात काट्यासारखी अडकली आहे, ती सांगते. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आधी धंदा समजून घ्या. आमच्याकडे बियाण्याचे प्लॉट असतात. कापूस, भेंडी, मिरची. पिकाचं बी तयार करायचं म्हणजे एका झाडाच्या फुलाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हाताने लावायचे. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. हे काम बायकांचं, आणि ते सकाळी ऊन चढत असतानाच करायचं असतं, कारण फूल तेव्हाच उघडं असतं. तोंडाला रुमाल बांधतात, पण डोळे आणि कपाळ उघडं ठेवावंच लागतं, नाहीतर फूल दिसत नाही. असे चार हंगाम झाले की चेहऱ्याचे दोन चेहरे होतात. रुमालाखालचा वेगळा आणि वरचा वेगळा. नाकाच्या शेंड्यावरून एक रेघ जाते. बारीक फुलाकडे डोळे बारीक करून बघितल्यामुळे पंचविशीतच डोळ्यांच्या कोपऱ्यात कोंबडीच्या पायासारख्या रेषा पडतात. माझ्याही आहेत. चौदाव्या वर्षापासून लग्नापर्यंत मी प्लॉटवर होते. कोर्स केला तो लग्नानंतर, रोज एसटीने जालन्याला जाऊन. नवरा म्हणाला, 'हे काय चाळे?' मी म्हटलं, 'चाळेच. पण पोट भरणारे.'

ऊन तीन गोष्टी करतं. कातडी काळवंडते, गालावर वांग येतात आणि रेषा पडतात. काळवंडलेलं सावलीत राहिलं की काही महिन्यांत उतरतं. वांग हट्टी असतात, कमी होतात आणि एका उन्हाळ्यात परत येतात. रेषा जात नाहीत. जाहिरातीत जातात. ज्याला पटत नाही त्याला मी एका ट्रक ड्रायव्हरची गोष्ट सांगते. भर दुपारी, रस्त्यावर कोणी नाही बघून तो आत आला आणि म्हणाला, "ताई, पोरीच्या लग्नात फोटो काढायचेत. माझे दोन्ही गाल सारखे करून द्या." डावा गाल चाळिशीचा होता, उजवा साठीचा. तीस वर्षं उजव्या खिडकीतून ऊन आलं होतं. मी त्याला म्हटलं, "भाऊ, सारखे करायला एकच उपाय, आता डाव्या खिडकीशी बसून गाडी चालवा." तो हसला, मी हसले, पण त्याचं काम काही मी केलं नाही. होत नाही ते होत नाही म्हणणं हे माझ्या धंद्यातलं निम्मं काम आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे घासाघीस. लोकांना वाटतं मी पैशांची करते. ती करतेच, त्यात मला कोणी हरवलेलं नाही. पण माझी खरी घासाघीस दिवसांची असते. नवरीची आई येते आणि म्हणते, आठ दिवसांत उजळ करा. मी म्हणते, दोन महिने. ती म्हणते पंधरा दिवस. मी म्हणते, चाळीस, आणि या चाळीस दिवसांत पोर प्लॉटवर जाणार नाही, दोन तासांनी सनक्रीम लावेल, लिंबू चोळणार नाही, घासणीने तोंड घासणार नाही. लिंबू चोळून उन्हात गेलेली एक पोर माझ्याकडे आली होती, तिच्या गालावर बोटांचे काळे छाप उमटले होते. तेव्हापासून लिंबाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

डोकं माझं लवकर फिरतं. पुढे जे झालं ते त्यामुळेच.

सुरुवातीच्या दिवसांत जालन्याहून एक माणूस मोटारसायकलवर माल घेऊन यायचा. त्याच्याकडे पांढऱ्या प्लास्टिकच्या छोट्या डब्या असायच्या. वर कागद नाही, नाव नाही. आत पिवळसर मलम. म्हणायचा, "ताई, आठ दिवसांत वांग साफ." मी एका बाईला लावून बघितलं. खरंच आठ दिवसांत वांग गेले, तोंड साखरेसारखं झालं. मी त्या माणसाशी तासभर भांडले आणि डझनावर एक डबी फुकट काढून घेतली. त्या दिवशी मला फार भारी वाटलं होतं. बारा डब्या दुकानात लावल्या आणि तेरावी, फुकटची, माझ्या मैत्रिणीला दिली. कौसल्या तिचं नाव. प्लॉटवर सहा हंगाम आम्ही एकाच ओळीत काम केलं होतं. एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेली मैत्रीण. तिला म्हटलं, "कौसे, तुला फुकट."

पुढे वर्षाच्या आत त्या डबीच्या बायका परत यायला लागल्या. डबी बंद केली की तोंड लाल व्हायचं, आग व्हायची, पुटकुळ्या यायच्या. परत लावली की शांत. गालावर बारीक लव वाढायची, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ व्हायची आणि आतल्या लाल शिरा दिसायच्या. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की त्यात स्टेरॉइड असतं. मला तो शब्द तेव्हा माहीत नव्हता. पण एवढं कळलं की ही दारूसारखी गोष्ट आहे. मी त्या माणसाला दारातून हाकलला, डब्या बंद केल्या आणि ज्यांना दिल्या होत्या त्या प्रत्येकीला जाऊन सांगितलं. कौसल्याला तर तीनदा सांगितलं. ती प्लॉटच्या बांधावर बसून हसली होती. "शोभे, तुझं फेशियल चालावं म्हणून सांगून राह्यली ना? माझं बिलकुल बराबर चालू हाय." नंतर ती स्वतःच जालन्याहून आणायला लागली. मी कानाडोळा केला. हे मी लिहून ठेवते, कारण पुढे माझ्याविषयी बरंच बोललं गेलं आणि त्यात हे कुणी बोललं नाही.

आता चार वर्षांपूर्वीचा वैशाख. सकाळी अकराच्या सुमाराला कौसल्या तिच्या मुलीला घेऊन आली. रेणुका. बावीस-तेवीस वर्षांची, शांत, बोटं लांबसडक. क्रॉसिंगला अशी बोटं लागतात. लग्न एकोणीस दिवसांवर. मुलगा राजूरकडचा, जालना एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला. फोटो पाहून पसंती झाली होती, नंतर बघायला आले तेही घाईघाईत, संध्याकाळच्या उजेडात.

"ताई, मी तोंडाला काहीच लावत न्हाई," रेणुका म्हणाली.

मी तिला दारात उभी केली. कपाळ काळवंडलेलं, प्लॉटवालीचं. पण गाल प्लॉटवालीचे नव्हते. गुलाबी, चकचकीत, नाकाच्या बाजूला लाल शिरांचं जाळं आणि कानापर्यंत लव. रस्त्यावरचं ऊन पडलं तर तिने चटका बसल्यासारखं तोंड फिरवलं.

"डबी कुठाय?" मी विचारलं.

ती आईकडे बघायला लागली. कौसल्या म्हणाली, "कोणती डबी?"

"कौसे, माझ्यासमोर नाटक करू नको. पोरीला किती वर्षांपासून लावून राह्यली?"

"दहावीपासून," रेणुकाच बोलली आणि पिशवीतून डबी काढून माझ्या हातात दिली. तीच. पांढरी, बिननावाची.

माझं डोकं फिरलं. मी कौसल्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. स्वतःच्या पोरीचं तोंड तू दारूड्यासारखं करून ठेवलंस, असं काहीतरी. डबी नालीत फेकली आणि रेणुकाला म्हटलं, "आजपासून बंद. लग्नापर्यंत हात लावायचा न्हाई. शपथ घे." तिने माझ्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. ते पहिलं वाक्य सोडलं तर खोटं बोलणारी पोर नव्हती ती. शपथ पाळली.

तिथेच माझी चूक झाली. बावीस वर्षांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी.

आठव्या दिवशी कौसल्या एकटी आली. दारातूनच ओरडली, "चल. बघ काय करून ठेवलंस." मी तिच्या मागे गेले. रेणुका अंधाऱ्या खोलीत ओली चादर तोंडावर घेऊन बसली होती. मी चादर काढली. गाल सुजलेले, भाजलेल्या वांग्यासारखे, वर पुटकुळ्या, डोळ्यांच्या फटी झालेल्या. ती रडतही नव्हती, कारण अश्रू गालावर आले की आग व्हायची. "मावशी, म्या डबीला हात न्हाई लावला," एवढंच म्हणाली.

मी गाडी करून दोघींना जालन्याला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकावर वीस माणसं, आतलं सगळं ऐकू यायचं. डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, "क्रीम कुठून आणलं?"

कौसल्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पार्लरमधून."

बारा वर्षांपूर्वीची फुकटची एक डबी. तिथे मी काय सांगणार होते? डॉक्टर माझ्यावर भडकले. पार्लरवाल्या, अर्धवट कोर्स, लोकांच्या पोरींशी खेळ. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आणि असं एकदम बंद करायला कोणी सांगितलं? हे डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवायचं असतं. एका दिवसात सोडलं की असंच उलटतं."

"मी सांगितलं," मी म्हणाले.

गोळ्या, मलम लिहून दिलं. सूज उतरेल, म्हणाले, पण कातडी कच्ची राहील. ऊन नाही, मेकअप नाही, वाफ नाही, हळद तर अजिबात नाही. कौसल्या म्हणाली, "डॉक्टरसाहेब, अकरा दिवसांनी लग्न हाय." डॉक्टर म्हणाले, "मग हळद पायाला लावा." त्यांना सोपं वाटलं ते.

परतीची गाडी अंबडच्या पुढे आली. कौसल्या हळूच म्हणाली, "शोभे, त्या लोकाईला कळलं की पोरगी डबीनं गोरी होती, तर ते म्हणतील फोटोत एक दाखवली अन् पाटावर दुसरी बसवली. लग्न मोडंल." मला तिचा राग आला होता. पण ती खरं बोलत होती. आमच्याकडे अशी मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. आणि मोडलं की त्या मुलीचं दुसरं जमत नाही लवकर. लोक म्हणतात, काहीतरी असेल.

दहा दिवस मी रोज सकाळी उन्हाच्या आधी तिच्याकडे जात होते. थंड पाण्याचा कपडा, डॉक्टरांचं मलम, आणि खिडकीला घोंगडी. दुसरं काही करायचं नव्हतं, आणि काही न करणं मला जमत नाही. मी नुसती बसून राहायचे आणि तिचा गाल बघायचे. आज पुटकुळ्या बसल्या, आज डोळा उघडला, आज कानाजवळची लाली उतरली. नवव्या दिवशी सूज गेली. खाली जी कातडी होती ती सावळी आणि कच्ची होती. नुकती खपली निघालेल्या जागेसारखी. हळदीचं एक बोट लागलं असतं तरी पेटली असती.

आणि हळद तर येणारच होती. उष्टी हळद म्हणजे आधी नवरदेवाला लावतात, त्यातली उरलेली वाटी नवरीकडे येते. ती परत नेत नाहीत, नाकारत नाहीत. नाकारली म्हणजे नवरा नाकारला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दहा वाजता राजूरकडची जीप आली. पाच सवाष्णी उतरल्या. पुढे नवरदेवाची आत्या, गयाआत्या. साठीची बाई, काटक, नथ घातलेली, हातात वाटीवर लाल कपडा. मांडवात रेणुका पाटावर, डोक्यावरून पदर पुढे ओढून बसलेली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. आत्यांनी पदर वर केला आणि त्यांचा हात थबकला.

"हे काय?"

मांडवातली ढोलकी थांबली. कौसल्या खांबाला टेकून उभी होती.

"आत्याबाई, हळद लागंल," मी म्हटलं, "पण तोंडाला न्हाई."

"तू कोण?"

"पार्लरवाली."

"हळदीत पार्लरवालीला कोण इचारतंय? सरक बाजूला."

मी सरकले नाही. "डॉक्टरनी सांगितलंय. कातडी कच्ची हाय. पाय, गुडघे, हात, खांदे, सगळीकडं लावा. वाटी रिकामी करा."

"उष्टी हळद पायाला लावून जाऊ काय? आमच्यात पाची जणींचं बोट तोंडाला लागतं."

"पाच बोटं भांगात लावा."

"कपाळ तरी."

"न्हाई. भांग."

"गालाला नको म्हणती, कपाळाला नको म्हणती. लग्न कोणाशी लावून राह्यलो, नुसत्या पायाशी?" मागच्या बायका हसल्या. माझ्या कानातून धूर निघत होता, पण बाजारात राग दाखवणारा हरतो हे मला माहीत आहे. मी आवाज खाली आणला.

"कानाच्या पाळ्या देते. दोन्ही."

"हनुवटी."

"हनुवटीच्या खाली. गळ्याला. तिथं पाच काय, पन्नास बोटं लावा."

आत्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग त्यांनी वाटीवरचा कपडा काढला. मला वाटलं झालं. पण पहिलं बोट हळदीत बुडवून त्या थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कपाळ राहू दे, गाल राहू दे. पर असं कशानं झालं ते सांगा. पोरीला काही रोग हाय का?"

रोग म्हटलं तर जीप तशीच परत जाणार होती. डबी म्हटलं तर 'फोटोतली गोरी कुठंय' हा प्रश्न येणार होता. मी कौसल्याकडे बघितलं. तिने खाली बघितलं.

"रोग न्हाई," मी म्हटलं. "माझ्या हातनं झालं. फेशियल चुकलं. दिवस कमी होते, मी घाई केली, जास्तीचं लावलं. पोर चांगली हाय, चेहरा महिन्यात बराबर होईल. चूक माझी."

मग जे व्हायचं ते झालं. आत्या म्हणाल्या, बाई हायेस का जल्लाद, लोकाईच्या पोरीच्या तोंडावर धंदा शिकते का. मागच्या एकीने माझ्या दुकानाचं नाव विचारून घेतलं, म्हणजे तिथे कोणी जाऊ नये. माझ्यासारख्या बाईने, जिने रसवंतीवाल्याच्या डोक्यात एकदा पाण्याची बादली ओतली आहे, मान खाली घालून उभं राहायचं म्हणजे काय, ते मला त्या दहा मिनिटांत कळलं. पण पाची जणींनी हळद लावली. पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कानाला, भांगात. गालाला एकही बोट लागलं नाही. मी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. रेणुकाला मी काजळ घातलं, कुंकू लावलं, मुंडावळ्या बांधल्या, गालाला हात लावला नाही. मांडवात कुजबुज झाली, पार्लरवालीने नवरीला तशीच काळी बसवली. मी ऐकलं.

मला वाटलं होतं, चार दिवसांनी, आठ दिवसांनी कौसल्या येईल. बसेल. म्हणेल, शोभे, तू माझ्या पोरीचं लग्न वाचवलं. ती आली नाही. उलट गावात कोणी विचारलं की ती म्हणायची, "हो, पार्लरमधेच झालं." हळदीत मी जे खोटं बोलले, तेच ती पुढे चालवत राहिली. तिला ते सोयीचं होतं. त्या वर्षी लग्नसराईत माझ्याकडे एकही नवरी आली नाही. सगळ्या अंबडला गेल्या. दिवाळीच्या सुमाराला तालुक्याला बायकांचं एक शिबिर झालं. तेच डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलं, वडीगोद्रीकडची एक पार्लरवाली, तिने दिलेल्या क्रीमने एका नवरीचा चेहरा कसा गेला. नाव घेतलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या बायका माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या.

कौसल्या रोज सकाळी सात वाजता टेम्पोत बसून माझ्या दुकानासमोरून प्लॉटवर जाते. चार वर्षं ती दुसऱ्या बाजूला बघते. मी पण शटर वर करताना पाठ फिरवते. धंदा माझा परत आला, मी कोणाच्या बापाच्या जिवावर उभी राहिलेली नाही. पण तो काटा तसाच राहिला.

या श्रावणात गयाआत्या माझ्या दुकानात आल्या. एकट्या. मी कात्री हातात घेऊनच उभी राहिले. म्हटलं, आता काय नवीन?

त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दारात ने मला. उजेडात."

मी नेलं. गालावर जुने वांग, लाल शिरा, कांद्याचा पापुद्रा. त्यांनी बटव्यातून डबी काढली. पांढरी, बिननावाची.

"तुम्हीपण?" मी म्हटलं.

"धा वर्ष. सुटत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हळदीत तू खोटं बोलल्ती."

मी कात्री फळीवर ठेवली.

"फेशियलवाली हळदीला भेत नसती. डबीवालीच भेती. मला थोरल्या भाच्याच्या हळदीत तोंडाला चुकून हात लागल्ता, तीन दिस पदर पाण्यात भिजवून तोंडावर घेऊन बसल्ते. तू हळद अडवली तवाच मला समदं कळल्तं."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"पाटावरली पोर उठवायची काय? तू तुझं नाव दिलं, म्या घेतलं. सौदा झाल्ता तो."

मी खाली बसले. बावीस वर्षांत मला पहिल्यांदा कोणी सौद्यात हरवलं होतं. "घरात कोणाला सांगितलं का?"

"समद्याईला माहीत हाय. दोन वर्ष झाले. रेणुकानंच सांगितलं नवऱ्याला. तो म्हणला, मला काय डबीशी लग्न करायचं होतं? आता ती प्लॉटवर जाती तर मोठी टोपी घालून जाती. डोळ्याच्या कोपऱ्यात तुझ्यासारख्याच रेघा हायेत. चांगली दिसती."

"दोन वर्षं!" मी ओरडले. "दोन वर्षं तुम्हाला सगळ्यांना माहीत हाय आणि मी इथं तोंड काळं करून बसले? एकाला तरी वाटलं नाही का येऊन सांगावं?" पंक्चरवाला बाहेरून डोकावून गेला एवढा आवाज चढला होता. माझं ओरडणं संपल्यावर आत्या म्हणाल्या, "आता आल्ते ना."

मग त्यांनी विचारलं, "ती डबी गावात पैल्यांदा कोणी आणल्ती?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, कौसल्याने नाही, मी स्वतःलाही नाही. मी सांगितलं. मोटारसायकलवाला, तासभराची घासाघीस, डझनावर एक फुकट, आणि ती तेरावी कोणाला दिली ते. आत्यांनी ऐकून घेतलं. बटव्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"मंग तुझं नाव काई फुकट गेलं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी डबी उचलून परत त्यांच्या बटव्यात ठेवली.

त्यांची डबी मी फेकली नाही. तेवढं शिकले आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना जालन्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला ओळखलं, चष्म्यावरून बघितलं. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आधी यांचं बघा. माझं भांडण नंतर." हळूहळू सोडवायचं ठरलं. आत्या बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वर्ष लागंल म्हणत्यात. सहा महिन्यांत न्हाई का होणार?" मी म्हटलं, "आत्याबाई, वर्ष म्हणजे वर्ष. यात मी एक दिवसही कमी करत नसते."

राहता राहिली कौसल्या. ती हा अंक वाचणार नाही, तिला वाचता येत नाही. पण टेम्पोतली कोणीतरी तिला वाचून दाखवेल, आमच्याकडे असं वाचून दाखवणाऱ्या फार. तर तिच्यासाठी लिहिते.

कौसे, पहिली डबी माझी. पुढच्या सगळ्या तुझ्या. एका दिवसात बंद करायला मी सांगितलं, आणि डॉक्टरसमोर माझ्याकडे बोट तू दाखवलंस. हळदीत खोटं मी बोलले आणि ते चार वर्षं तू चालवलंस. निम्मं तू घे, निम्मं मी घेते. उद्या सकाळी सातला शटर उघडताना मी पाठ फिरवणार नाही. टेम्पो थांबवायचा की नाही ते तू ठरव. पण निम्म्याच्या खाली मी उतरणार नाही.